अभ्यासक्रमाबाहेरचे अण्णा

आमच्या कॉलेजातून आजवर हजारो पदवीधर बाहेर पडले, पण त्यांतले इंजिनिअर किती असं कुणी विचारलं तर मी दोन्ही हातांची बोटं पुढे करीन आणि त्यातलीही एक-दोन मिटून घेईन. एवढे तरी कसे झाले असं विचाराल, तर ते आमच्या वर्कशॉपच्या अण्णांच्या हट्टामुळे झाले. कॉलेजचा त्यात काही दोष नाही. नोकरीत असताना हे वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसावं लागलं असतं. आता घरीच बसलोय, म्हणून सांगतो. कॉलेज गगनबावड्याच्या रस्त्याला एका उघड्या माळावर होतं. ज्या लांबलचक शेडमध्ये आमचं वर्कशॉप होतं ती चेअरमनसाहेबांनी आधी कोंबड्यांसाठी बांधली होती. कोंबड्या रोगाने मेल्या, त्याच सुमारास सरकारने खासगी कॉलेजांना परवानगी दिली, आणि शेडवर नवा बोर्ड लागला. पावसाळ्यात भिंती भिजल्या की जुना वास परत यायचा. प्राचार्य नाकाला रुमाल लावून लगबगीने निघून जायचे. अण्णा मात्र खोल श्वास घेऊन म्हणायचे, "खरं काय ते भिंत तरी बोलतीया बगा."

मी त्याच कॉलेजचा विद्यार्थी. पहिल्या वर्गात पास झालो, वर्षभर अर्ज केले, एकाही कारखान्याने घेतलं नाही, तेव्हा कॉलेजने मला लेक्चरर म्हणून घेतलं. ज्याला कारखान्याने दारातून परत पाठवलं त्याने कारखान्यांसाठी माणसं घडवायची, अशी एकंदर व्यवस्था होती, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. अण्णा आले ते त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास. वय पन्नाशीच्या घरात. गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या गावचे. कपाळाला भस्माची आडवी रेघ, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग. घरात कन्नड बोलायचे, बाजारात मराठी, आणि चिडले की दोन्ही. उद्यमनगराच्या छोट्या कारखान्यांत वीस वर्षं ऑइल इंजिनाचे भाग बनवण्यात घालवलेली. नोकरी करता करता बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवलेली. ओतकामाच्या फौंड्रीच्या गोंगाटात आयुष्य गेल्याने आवाज असा, की ते शेडमध्ये 'गुड मॉर्निंग' म्हणाले की शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर गणिताच्या तासाला झोपलेली पोरं उठून बसायची. विद्यार्थ्यांना ते सरसकट 'पावणं' म्हणायचे. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "चार वरसं येत्यात, खात्यात, पीत्यात, जात्यात. घरातल्या कामाला कोण हात लावतंय का? मग पावणंच की."

त्यांच्या खिशात पेनाशेजारी एक व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचाही अंश मोजणारा गेज, असे आणि हाताच्या टप्प्यात येईल ते मोजल्याशिवाय त्यांना राहवत नसे. प्राचार्यांच्या दालनात टेबल हलतंय म्हणून बैठक थांबवून ते गुडघ्यावर बसले, चारही पाय मोजले, आणि कुठला पाय किती आखूड आहे ते प्राचार्यांना टेबलाखालून ओरडून सांगितलं. कँटीनमधल्या वड्याचा व्यास दर टर्मला कमी होतोय हे त्यांनी वहीतल्या नोंदी दाखवून सिद्ध केलं. कँटीनवाल्याने व्यास वाढवला नाही, त्याने चौकोनी वडे करायला सुरुवात केली. अण्णांना त्याचं भलतंच कौतुक. "ह्येला म्हंत्यात डिझाइन," ते भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "अडचण आली, आकार बदलला. तुमच्यातल्या एकाला तरी सुचलं असतं काय?" आम्ही नऊ जण तिथे बसलो होतो. सगळे एम.ई. खरंच सुचलं नसतं.

त्यांच्या शिकवण्याला पुस्तक नव्हतं, पिशवी होती. वर्गात येताना ते तरटाची एक पिशवी आणायचे आणि त्यातून एखादी मोडकी वस्तू काढून टेबलावर दाणकन ठेवायचे. कधी गुऱ्हाळाच्या घाण्याचं दात तुटलेलं चाक, कधी पंपाचा चिरलेला दांडा. मग प्रश्न एकच: "ह्ये का मोडलं?" आणि हाताची घडी घालून खिडकीशी उभे राहायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोरं कावरीबावरी. कुणीतरी विचारायचं, "सर, हे परीक्षेत येतंय काय?" अण्णा म्हणायचे, "परीक्षेत न्हाई येत. आयुष्यात येतंय." एका तोंडी परीक्षेत शाहूवाडीकडच्या एका पोरीची इंग्रजी शब्द आठवताना बोबडी वळली. बाहेरून आलेला परीक्षक शून्य द्यायच्या बेतात होता. अण्णा तिला म्हणाले, "अक्का, इंग्रजीत न्हाई आलं तर मराठीत सांग. मराठीत न्हाई आलं तर हातानं दाखव." पोरीने खडू घेतला आणि फळ्यावर अख्खा गिअरबॉक्स काढला, उलट्या बाजूनेसुद्धा. परीक्षक म्हणाला, "पण व्याख्या आली नाही." आणि काठावर पास होण्यापुरते गुण दिले.

सगळ्यात जास्त ते कशावर चिडत असतील तर शीटवर. ड्रॉइंगची शीट म्हणजे मोठ्या कागदावर काढायची आकृती. पण आमच्याकडे ती काढत नसत, छापत असत. काचेखाली ट्यूबलाइट लावायची, काचेवर मागच्या वर्षीची शीट, तिच्यावर कोरा कागद, आणि रेघांवरून रेघा. एके वर्षी अण्णांच्या लक्षात आलं की लेथ मशीनच्या एका भागाच्या आकृतीत साठच्या साठ जणांनी एक बोल्ट काढलेलाच नाही. तो नसेल तर तो भाग जागच्या जागी राहणारच नाही, धावत सुटेल. त्यांनी मागच्या वर्षीच्या शीटा मागवल्या. त्यांतही बोल्ट नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही नाही. अण्णा मग वंशावळ काढायला बसले. महिनाभर जुनी कपाटं उपसली, माळ्यावरच्या वाळवी लागलेल्या गुंडाळ्या सोडवल्या, आणि शेवटी एका शीटपाशी पोचले जिच्यावर खोडरबराच्या खुणा होत्या, म्हणजे ती कुणीतरी खरोखर काढली होती. कोपऱ्यात नाव माझं होतं.

ते माझ्या टेबलाशी आले. शीट उलगडली नाही, नुसती बगलेत धरली होती. "सर," ते म्हणाले, "तुमी एकटंच हुतासा हितं सोताच्या हातानं काढणारं. चुकलासा, पण सोता चुकलासा." मला ती स्तुती वाटली आणि मी हसलो. मग ते म्हणाले, "पर तवापासनं तपासणारं कोण हुतं?" गेली चार वर्षं त्या शीटांवर तपासल्याची सही मीच करत होतो.

दर उन्हाळ्यात ते विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला पत्र लिहायचे. फुलस्केपच्या दोन्ही बाजूंना, मोडी वळणाच्या अक्षरात. शेवटचं अख्खं वर्ष विद्यार्थ्याला कारखान्यात ठेवा. परीक्षेला पुस्तक उघडायची परवानगी द्या आणि प्रश्न असे घाला की पुस्तकात उत्तर सापडणार नाही. शिकवणाऱ्याला दर तीन वर्षांनी सहा महिने बाहेर काम करायला पाठवा, नाहीतर तो आंबतो. संगणक शिकवा, जरूर शिकवा, कारण उद्याची लेथ संगणकावर चालणार आहे. पण आधी लोखंड कसं कापलं जातं ते हाताला कळू द्या. दर वर्षी उत्तर यायचं: 'आपले पत्र मिळाले. योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविले आहे.' अण्णा ते पोस्टकार्ड वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला अडकवायचे. "पुढं म्हंजे कुटं, ती जागा एकदा बघायची हाय मला," असं म्हणायचे.

पत्रांनी काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच शनिवार धरला. शनिवारी दुपारनंतर कॉलेज सुटायचं. अण्णा इच्छुकांना घेऊन एसटीने उद्यमनगरात जायचे आणि ओळखीच्या शेडांमधून एकेकाला एकेका मिस्त्रीच्या हाताखाली उभं करायचे. पहिल्या शनिवारी गेले सात जण. त्यातल्या एकाची आई सोमवारी कॉलेजात आली, काळे डाग पडलेला पोराचा शर्ट प्राचार्यांच्या टेबलावर पसरून म्हणाली, "ह्येच करायचं हुतं तर आमच्या गॅरेजमधी काय वाईट हुता? साहेब हुयाला पाठवलाय न्हवं हितं?" प्राचार्यांनी अण्णांना बोलावून घेतलं. अण्णांनी तिला नमस्कार केला आणि विचारलं, "ताई, गॅरेज कुटं हाय तुमचं? चांगलं चालत असंल तर धा पोरं पाठवीन." पण पोरं टिकली. सातांची वीस झाली. ती वर्गात प्रश्न विचारायला लागली, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण त्या प्रश्नांची उत्तरं आम्हाला येत नव्हती. एका पोराने मला विचारलं, "सर, पुस्तकातला हा वेग धरला तर टूल जळतंय. मिस्त्री निम्म्यावर चालवतोय. का?" मी म्हणालो, "परीक्षेत पुस्तकातलाच लिही." त्याने वहीत काहीतरी लिहिलं. माझ्याकडे पुन्हा कधी प्रश्न घेऊन आला नाही.

मग दोन हजार साल उलटलं आणि सॉफ्टवेअर कंपन्या कॉलेजांतून पोरं उचलायला लागल्या. शाखा कुठलीही चालेल, म्हणाल्या. गणिताची कोडी सोडवता यावीत आणि इंग्रजी बोलता यावं. चार वर्षं आम्ही काय शिकवलं ते त्यांना नको होतं, आणि ते ऐकून आम्हाला वाईट वाटायच्या ऐवजी सुटल्यासारखं वाटलं. कॉलेजात टाय आले. हात कसा मिळवायचा, खुर्चीत कसं बसायचं याचे वर्ग निघाले. अण्णांनी मेकॅनिकलच्या एका मुलाला टायमध्ये ड्रिल मशीनवर वाकलेलं पाहिलं आणि धावत जाऊन मशीन बंद केलं. "गळ्यात फास घालून मशीनवर वाकालायस? सोड त्यो!" असं म्हणत त्यांनी टाय काढून खुंटीला लावला. तक्रार झाली. त्या वर्षी त्यांच्या विषयाचा निकालही घसरला, कारण पोरांनी पेपरात पुस्तकातलं न लिहिता पाहिलेलं लिहिलं होतं.

अशात तपासणीला समिती येणार असं पत्र आलं. समितीच्या मान्यतेवर पुढच्या वर्षीच्या जागा अवलंबून होत्या. दहा दिवसांत कॉलेजचं रूप पालटलं. भाड्याच्या कुंड्या आल्या, ग्रंथालयात रातोरात पुस्तकं उगवली, आणि दुसऱ्या गावच्या कॉलेजातली चार माणसं आमच्या हजेरीपटात आमचे सहकारी म्हणून दाखल झाली. वर्कशॉपला तीन लेथ कमी पडत होत्या. त्या चेअरमनसाहेबांच्या व्याह्यांच्या कारखान्यातून टेंपोने आल्या, त्यांना हिरवा रंग फासला आणि रांगेत उभ्या केल्या. ना खाली पाया, ना वीज जोडलेली. प्राचार्यांनी अण्णांना स्वतः येऊन सांगितलं, "विचारलं तर आपल्याच म्हणायचं." अण्णांनी व्हर्नियर पुसून खिशात ठेवला. आम्हाला वाटलं, ऐकलं.

समितीत एक वयस्कर गृहस्थ होते, सगळ्यांच्या मागून हळूहळू चालणारे. ते हिरव्या लेथपाशी थांबले आणि विचारलं, "या कधी घेतल्या?" चेअरमनसाहेब, प्राचार्य, मी, आम्ही सगळे अण्णांकडे बघत होतो. अण्णा म्हणाले, "परवा आल्यात, उद्या जाणार हाईत. हात लावू नका साहेब, रंग वला हाय." गृहस्थांचा हात आधीच टेकला होता. त्यांनी तळवा उलटा करून पाहिला. हिरवागार. मग समितीतला एक जण हसला, त्याच्या मागोमाग चेअरमनसाहेब हसले, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही सगळे, मोठमोठ्याने. शिपायाने रॉकेल आणि फडकं आणलं. हात पुसून झाल्यावर मंडळी जेवायला गेली. तांबडा-पांढरा रस्सा होता. अण्णा शाकाहारी, ते वर्कशॉपमध्येच डबा उघडून बसले. पंधरा दिवसांनी मान्यतेचं पत्र आलं. साठाच्या जागी नव्वद जागा. म्हणजे अण्णांनी भर सभेत खरं सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि कशाचंही काहीही झालं नाही. झालं ते एकट्या अण्णांचं.

चौकशी लावली. लेथचा कुठे उल्लेख नाही, अर्थातच. एक कागद स्टाफरूममध्ये फिरला: सदर शिक्षक विद्यार्थ्यांशी असभ्य भाषेत बोलतात, अभ्यासक्रमाबाहेरचे शिकवतात, व त्यामुळे निकालावर विपरीत परिणाम होत आहे. खाली सह्या. माझी विभागप्रमुखाच्या जागेची फाइल तेव्हा चेअरमनसाहेबांकडे होती. दोघांच्या सह्या झाल्या आणि कागद माझ्याकडे आला. मी पेन टेकवलं तर ते उमटेना. झटकलं, पुन्हा टेकवलं. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, "चालंना व्हय सर? ह्ये घ्या." त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे धरलं. कागद टेबलावर उघडा होता. त्यांना वाचायला येत होतं. मी पेन घेतलं आणि सही केली. आणि वर 'थँक्यू' म्हणालो.

महिनाभराने ते कॉलेज सोडून गेले. निरोपसमारंभ झाला नाही. शनिवारच्या पोरांपैकी पाच-सहा जण फाटकापर्यंत गेले, एवढंच ऐकलं. वर्कशॉपच्या अर्ध्या भागात भिंत घालून प्लेसमेंट सेल काढला. त्याला एसी बसवला, त्यामुळे जुना वासही गेला.

सहा-सात वर्षं गेली. मी विभागप्रमुख होतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी हात आखडता घेतला होता, पदवीधर घरी बसले होते, आणि कारखानदार सभांमधून जाहीरपणे म्हणू लागले होते की तुमच्या पोरांना काही येत नाही. वरून फर्मान आलं, शिक्षण उद्योगाभिमुख करा, बाहेरचे तज्ज्ञ बोलवा. नवे प्राचार्य म्हणाले, "सर, तुमच्या ओळखीचा कुणी प्रत्यक्ष काम केलेला माणूस आहे?" होता. एका रविवारी सकाळी मी उद्यमनगरात विचारत विचारत गेलो.

मशीनच्या एका दुकानामागे पत्र्याची शेड होती. आत सात-आठ जण व्हाइसच्या जबड्यात लोखंडाचे तुकडे आवळून, कानस मारून ते सपाट करत होते. सगळे पदवीधर. नोकरी न मिळालेले, किंवा मिळून महिन्याभरात परत पाठवलेले. एक जण थबकला आणि म्हणाला, "सर, ओळखलंत का?" ओळखलं. आमच्या कॉलेजात पहिला आला होता. त्याच्या गळ्यात हार घालताना माझा फोटो पेपरात छापून आला होता. "तू इथे काय करतोस?" मी विचारलं. "शिकतोय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अण्णा थकले होते, पण आवाज तोच. "या, या! बसा की!" त्यांनी चहा मागवला. मी येण्याचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "येतो की. वर्कशॉप हाय न्हवं?" मी म्हणालो, अर्ध्यात प्लेसमेंट सेल झालाय. "आन् उरल्याल्या अर्ध्यात?" उरलेल्या अर्ध्यात खुर्च्या ठेवल्या होत्या. "मग मी हुबं कुटं ऱ्हाऊ?" ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतायला लागले.

मला राहवलं नाही. "अण्णा, त्या कागदावर माझी..."

"ठाऊक हाय की. तिसरी सही." ते बशीवर फुंकर मारत होते. "सर, तुमी वाईट न्हवतासा. भ्यालतासा. पर भ्यालेला माणूस पोरास्नी काय शिकवणार सांगा. भ्यायलाच शिकवणार की."

एवढंच बोलले, रागावून नाही. चहा संपवला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "आता आलायसा न्हवं? मग हुबं ऱ्हावा." मला वाटलं निघायला सांगताहेत. त्यांनी माझ्या हातात कानस दिली आणि रिकाम्या व्हाइसपाशी नेलं. चाळिशी ओलांडलेला मी, विभागप्रमुख, माझ्या दोन्ही बाजूंना माझेच विद्यार्थी. "डावा पाय फुडं. खांद्यानं न्हवं, कंबरंतनं. जोर जाताना द्या, येताना न्हाई." तासाभराने लोखंडाचा तुकडा सपाट झालाय असं मला वाटलं. अण्णांनी त्याला गुण्याची सरळ कड लावली आणि तो उजेडाकडे धरला. फटीतून लख्ख उजेड दिसत होता. "बगा," ते म्हणाले आणि तुकडा पुन्हा व्हाइसमध्ये लावला.

प्राचार्यांना मी लिहून दिलं की योग्य तज्ज्ञ उपलब्ध झाला नाही. कॉलेजने मग पुण्याहून एक वक्ता आणला; त्याने पोरांना खुर्च्यांवर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मी मात्र दर रविवारी त्या शेडमध्ये जात राहिलो, बायकोला 'मीटिंग आहे' सांगून. पाऊस संपला, दिवाळी झाली. त्या हिवाळ्यात अण्णांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि लेक येऊन त्यांना गावाकडे घेऊन गेली. शेडमालकाने जागा कुरिअरवाल्याला दिली. अण्णा गेल्याचं मला फार उशिरा, एका जुन्या विद्यार्थ्याच्या फोनवरून कळलं.

त्या काही महिन्यांत माझ्या उजव्या तळव्याला, करंगळीखाली, एक घट्टा पडला होता. वर्गात खडू धरताना तो टोचायचा आणि मला बरं वाटायचं. परवा सहज पाहिलं तर ती जागा पार मऊ झालीये. बायकोला दाखवली. म्हणाली, "बरं झालं, खरखरीत लागायचा." मग ती आत गेली, आणि मी अंगठ्याने ती जागा चाचपत बराच वेळ तसाच बसून राहिलो.